बरी झाल्याची पूजा

आमच्या घरात माणूस आजारी आहे की बरा, हे ठरवायची एकच रीत आहे. आडवा असेल तर आजारी, उभा असेल तर बरा. माझे सासरे गिरणीत होते. अंगात ताप असला तरी पाय जमिनीला टेकतायत ना, मग ड्यूटीवर जायचं, हा त्यांचा कायदा. गिरणी बंद पडली, पुढे सासरेही गेले, परळची खोली जाऊन मुलुंडला सातव्या मजल्यावर फ्लॅट आला, पण तो कायदा काही घर सोडून गेला नाही. त्यामुळे मी जेव्हा आडवी झाले आणि पडूनच राहिले, तेव्हा मी आजारी आहे हे सगळ्यांनी निमूट मान्य केलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. वाट लागली ती मी उभी राहिल्यावर.

आडवं पडण्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. अंधेरीला एका ऑफिसात मी अकाउंट्स बघते. एका सकाळी अंघोळीला उठले आणि बाथरूमच्या दारातून परत येऊन झोपले. दुसऱ्या दिवशीही तेच. रडूबिडू काही यायचं नाही. कशाचंच काही वाटायचं नाही. मुलगी बेंगळुरूला शिकते, तिचा फोन वाजला तरी उचलायचा कंटाळा. कंटाळा हा शब्दही चुकीचाच आहे, पण दुसरा माझ्याकडे नाही. सासूबाई उशाशी पेजेची वाटी ठेवून जायच्या, तिन्हीसांजेला मीठ-मोहरी उतरून टाकायच्या. 'ऊठ, कामाला लाग' असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. नवऱ्याने माझ्या ऑफिसात कावीळ म्हणून कळवलं. मग तिथल्या मैत्रिणी मला उसाच्या रसाचे मेसेज पाठवत बसल्या.

डॉक्टर त्याने शोधली ती घाटकोपरची. मुलुंडमध्ये मानसोपचारवाले नाहीत असं नाही. पण मुलुंडात वेटिंग रूममध्ये शेजारच्या खुर्चीवर आपलीच शेजारीण निघायची, आणि मग दोघींनी काय बोलायचं? डॉक्टरीणबाई तरुण होती, शांत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणजे नवऱ्याचं ऐकून घेतलं, कारण मी बोलतच नव्हते. गोळी लिहून देताना म्हणाली, "सुरुवातीला थोडं अस्वस्थ वाटू शकतं. काही वेगळं जाणवलं तर लगेच फोन करा." यातलं पहिलं वाक्य नवऱ्याने पाठ केलं. दुसरं आमच्या दोघांच्याही डोक्यातून गेलं.

गोळी सुरू होऊन काही दिवस झाले असतील. एका संध्याकाळी मी हॉलमध्ये सासूबाईंशेजारी येऊन बसले. त्यांची मालिका चालू होती. माझा पाय हलायला लागला.

"पाय हलवू नको गो," टीव्हीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "लक्ष्मी जाता."

मी पाय थांबवला. आणि तो थांबलेला पाय मला सहन होईना.

हे नीट सांगायचा मी तेव्हापासून प्रयत्न करतेय आणि अजून जमलेलं नाही. ते दुखणं नव्हे, खाज नव्हे, मुंग्याही नव्हेत. पोटऱ्यांच्या आतून, पार हाडाजवळून, कोणीतरी म्हणतंय, ऊठ. उठलं की म्हणतंय, चल. चाललं की दोन पावलं वाटतं, हां, सुटले. वळायच्या आत पुन्हा तेच. पायातून ते वर चढतं, पोटात येतं, छातीत येतं, आणि मग सगळ्या अंगाचीच तगमग होते. झोपलं तर अंथरूण टोचतं. बसलं तर खुर्ची ढकलते. आपलंच कातडं मापाने लहान शिवलंय असं वाटतं. त्या संध्याकाळी मालिका संपेपर्यंत मी हॉल ते स्वयंपाकघर अशा किती चकरा मारल्या, देव जाणे. सासूबाईंना वाटलं मी ओट्यावर काहीतरी करतेय.

दुसऱ्या दिवसापासून मी घर आवरायला काढलं. नुसतं चालत राहिलं तर कोणीतरी विचारणार, मग हाताला काहीतरी काम हवं. माळ्यावरून पिंप उतरवलं, पितळेचे डबे चिंच लावून घासले, पडदे धुतले, कपाटातल्या न लागणाऱ्या साड्यांनाही इस्त्री केली. काम होतं तोवर थोडं बरं, म्हणजे सोसण्याइतपत. काम संपलं की परत हॉल ते स्वयंपाकघर. सासूबाई घाटकोपरला माझ्या मोठ्या जावेला फोनवर सांगत होत्या, आवाज नुसता खुललेला. "उठली गो. काल माळो धुवन काढल्यान. पायाक भिंगरी लागल्यासारखी फिरता."

नवरा तर बदलूनच गेला. मी पडून होते ते दिवस तो घरात चोरासारखा वावरला होता, चपला हातात घेऊन आत यायचा. आता सकाळी दाढी करताना गुणगुणायला लागला. ऑफिसातून येताना माझ्यासाठी काहीबाही आणायला लागला, एकदा गरम जिलेबी, एकदा शेवंतीची वेणी, जी मी लग्नानंतर कधी माळली असेल तर शपथ. "गोळी लागू पडली ना," असं तो मला विचारायचा, पण त्यात विचारणं नव्हतंच. सांगणं होतं. आणि मी काय बोलणार होते? की बाबा रे, आधी मला काहीच वाटत नव्हतं, ते परवडलं?

एकदा बोलले. म्हटलं, "अरे, मला जरा बेचैन वाटतंय."

"ते म्हणाल्या होत्या ना डॉक्टर. सुरुवातीला होतं म्हणून. होईल कमी." मग माझ्या हातातला फडका बघून हसला. "पण तू बेचैन असलीस तर घर काय चकाचक होतं यार."

मला त्याचा इतका राग आला की मी तोच फडका घेऊन पंखे पुसायला गेले. आता बघा, रागावले तरी कामच करत होते. कोणाला कळणार होतं?

खाली बागेत चकरा मारायला जायचे तर बिल्डिंगमधल्या बायका थांबवायच्या. वजन उतरलं होतं, अन्न पोटात टिकायचं नाही. "काय झकास मेन्टेन केलंयस गं, डाएट कोणाचं?" त्यांच्याशी बोलतानाही मी जागच्या जागी पाय बदलत उभी. एक म्हणाली, हो, थांबू नकोस, थांबलं की कॅलरी जळायच्या थांबतात. मी तिला हो म्हटलं आणि पुढे निघाले.

मग डॉक्टरीणबाईला दाखवायची तारीख आली. मी ठरवलं होतं की आज सांगायचं. रिक्षाने निघालो. भांडुपच्या सिग्नलला रिक्षा अडकली, पुढे सगळं जाम. मी मागच्या सीटवर, बाजूला नवरा, समोर ड्रायव्हरची पाठ, आणि पाय पसरायलाही जागा नाही. मी जरा वेळ दम धरला. मग रिक्षाच्या मोकळ्या बाजूने खाली उतरले आणि चालायला लागले. रिक्षा एक वीत सरकली की मी तिच्या बाजूने चार पावलं चालायचे, रिक्षा थांबली की मी पुढे जाऊन परत मागे यायचे.

"मॅडम को क्या हुआ?" ड्रायव्हरने विचारलं.

"गर्मी हो रही है," नवरा आतून म्हणाला. हिवाळ्याचे दिवस होते.

क्लिनिकमध्येही मी बसले नाही. भिंतीवर मेंदूचं चित्र लावलं होतं, ते बघत उभी राहिले. आत गेल्यावर नवराच सुरू झाला. खूप फरक आहे मॅडम, दिवसभर ॲक्टिव्ह असते, सगळं घर आवरून काढलं, वॉक घेते, झोप तेवढी कमी आहे. बोलताना त्याचा चेहरा असा उजळला होता की दहावीचा निकाल सांगतोय. डॉक्टरीणबाईने माझ्याकडे बघितलं. "आणि तुम्हाला कसं वाटतंय?"

मी म्हणाले, "बरं आहे."

का म्हणाले? मला गोळीचा संशयच आला नव्हता. मला वाटत होतं हा माझा आजारच आहे, आधी तो झोपला होता, आता उठून उभा राहिलाय. मी वेडी होत चालले आहे आणि हे वेड्यांच्या डॉक्टरला कळलं तर ती मला इथेच ठेवून घेईल, अशी पक्की भीती बसली होती. आणि शेजारी तो चेहरा. त्या चेहऱ्यासमोर नाही म्हणायला छाती लागते, ती माझ्यात नव्हती. डॉक्टरीणबाई खूश झाली. फायदा होतोय तर डोस थोडा वाढवूया, म्हणाली. वाढवला.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. ओठ चावून चावून सोलले होते ते आठवतं. जेवताना ताट हातात घेऊन उभ्याने जेवायचे आणि सासूबाई म्हणायच्या, आता बूड टेकव गो कधीतरी. त्यांच्या आवाजात कौतुक होतं. आणि गॅलरी आठवते.

गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढायला गेले होते. ग्रिल कमरेइतकंच आहे. कपडे खांद्यावर होते, पाय जागच्या जागी नाचत होते, आणि डोक्यात एक साधा विचार आला की हे सगळं आत्ता थांबू शकतं. नुसता आला. दुधाची पिशवी संपलीय असा विचार यावा, तसाच. मी मागे सरकले आणि काचेचं दार लावून घेतलं. मला मरायचं नव्हतं. मला फक्त हे थांबायला हवं होतं. पण त्या दोन गोष्टी एकमेकींच्या फार जवळ येत चालल्या होत्या आणि मला त्यांची भयंकर भीती वाटत होती.

संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "गॅलरीला जाळी लावून घेऊया. कबुतरांनी घाण केलीय नुसती."

"अगं, मीच कधीपासून म्हणतोय. तू लक्षच देत नव्हतीस." त्याने दुसऱ्या दिवशी माणूस बोलावला. जाळीवाला वरपासून खालपर्यंत जाळी ताणून लावून गेला. नवरा ती हाताने ओढून बघत म्हणाला, "घरात परत लक्ष घालायला लागलीस, बरं वाटलं." मी जाऊन भांडी घासली.

अशात एके दिवशी सासूबाईंनी मला शेजारी बोलावलं. मी उभ्याउभ्याच ऐकत होते. मी पडून होते तेव्हा त्यांनी नवस बोलला होता. सुनेला अंथरुणातून उठव, दोघांना जोडीने सत्यनारायणाला बसवीन. "देवान गाऱ्हाणा आयकल्यान," त्या म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. "आता नवस ऱ्हवता कामा नये. पुनवेक घालूया."

जोडीने पूजेला बसायचं. पाटावर, मांडी घालून, कथा संपेपर्यंत. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ह्या बाईने देवाला सांगून मला बरं केलं होतं, आणि आता तिला मी काय सांगू, की तुमच्या देवाचा हिशोब चुकलाय? मी मान हलवली. ते कळल्यापासून पुनवेपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. तेवढा वेळ बसायचं कसं? मी सराव केला. खरंच केला, बेडरूमचं दार लावून, जमिनीवर मांडी घालून, पलंगाचा पाय धरून. श्वास शंभरदा आत-बाहेर करायच्या आत उठून उभी.

पूजेच्या दिवशी घर माणसांनी भरलं. घाटकोपरहून दीर-जाऊ आले, बिल्डिंगमधली माणसं आली, माझं डाएट विचारणाऱ्या बायकाही सगळ्या नटूनथटून आल्या. हॉलमध्ये चौरंग मांडला होता, चार कोपऱ्यांना केळीचे खुंट, मागे गॅलरीचं दार. स्वयंपाकघरात जाऊ शिरा परतत होती आणि तुपाचा वास सगळ्या घरात. भटजींना पुढे दुसरीकडेही पूजा होती, ते घाईत होते. पण आमच्या मालवणी घरात आधी गाऱ्हाणं झाल्याशिवाय काही सुरू होत नाही. मोठे दीर नारळ ठेवून हात जोडून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, ह्या घरची सून आजारान अंथरुणाक खिळली हुती. आयेन तुका नवस केल्यान. तू तिका उठवलंस, हसती-खेळती केलंस."

"होय म्हाराजा," सगळी माणसं म्हणाली.

"आज ती जोडीन तुझ्या पूजेक बसता हा. ही सेवा गोड मानून घे आणि तिका अशीच ठेव रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

मीही म्हणाले. अशीच ठेव, होय म्हाराजा. माझ्या जिभेवर ते शब्द कडू लागले, पण म्हणाले.

नवरा सोवळं नेसून पाटावर बसला, त्याच्या उजव्या बाजूला मी. पूजेत बायकोला करायला तसं फार नसतं. नवरा पाणी सोडतो, फूल वाहतो, आणि बायकोने आपला हात त्याच्या हाताला लावायचा, म्हणजे केलं ते दोघांचं होतं. "वहिनी, हात लावा," भटजी म्हणाले. मी त्याच्या कोपराजवळ बोटं टेकवली. सुरुवातीला जमलं. तुळशीची पानं द्या, पंचामृताची वाटी सरकवा, काहीतरी हालचाल होती. साडीच्या आत पायाची बोटं मी आवळत होते, सोडत होते. कपाळावरून घाम वाहत होता आणि मागून जाऊ म्हणाली, पंखा वाढवा रे, तिला उकडतंय.

मग कथा सुरू झाली. कथेत नुसतं ऐकायचं असतं. पहिला अध्याय मी दात आवळून काढला. दुसऱ्यात मांडी सुटायला लागली, मी हाताने गुडघे दाबून धरले. भटजी मधेच म्हणाले, वहिनी, हात. मी परत हात लावला. माझं सगळं अंग थरथरत होतं आणि ते लपवायला आता कुठेच काही नव्हतं, ना फडका, ना भांडी, ना बाग. भटजींच्या तोंडून शब्द येत होते, मला एकही कळत नव्हता. मी चौरंगाकडे बघत होते आणि चौरंगामागे काचेच्या दारातून जाळी दिसत होती. बारीक जाळी, नायलॉनची. शेवटी नायलॉनच ते, असं माझ्या मनात आलं. देवासमोर, जोडीने, पाटावर बसून माझ्या मनात हे आलं.

मी उठले.

भटजी वाक्याच्या मधे थांबले. "वहिनी, अध्याय चालू आहे. मध्ये उठू नये."

"पाणी हवंय का?" जाऊ म्हणाली.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आल्या. "बस गो बाय, थोडाच ऱ्हवला."

"मला बसवत नाही."

"तीनच अध्याय..."

"आई, मला बसवत नाही." माझा आवाज मोठा झाला असावा, कारण सोफ्यावरची कुजबुज थांबली. "मी बरी झालेली नाहीये. मी घर आवरत नव्हते, मला थांबताच येत नाही. बसले की मला मरणप्राय होतं. आणि मला त्या गॅलरीची भीती वाटते. कबुतरांचं नुसतं निमित्त होतं. मीच सांगून जाळी लावून घेतली, माझ्यासाठी."

बोलले आणि मला वाटलं, संपलं, आता काय राहिलं. सगळी माणसं खाली बघत होती. एकीच्या बांगड्या वाजल्या. नवऱ्याच्या हातात पळी होती. ती त्याने ताम्हणात ठेवली आणि उठला. भटजी म्हणाले, "अहो यजमान, तुम्ही तरी," पण तो माझा दंड धरून मला बेडरूममध्ये घेऊन गेला आणि दार लावून घेतलं.

मी पलंग ते कपाट, कपाट ते पलंग चालायला लागले. तो भिंतीला टेकून बघत होता. इतक्या दिवसांत तो मला असं पहिल्यांदाच बघत होता, मी काय करते ते न बघता मला बघत होता. मग बोलला.

"मघापासून माझा हात हलत होता. तुझ्या हातामुळे. सबंध वेळ." त्याचा आवाज फुटत होता. "मला वाटलं, खाली पाण्याची मोटर लागलीय."

मला हसू आलं आणि त्याच्यामागोमाग रडू आलं. कितीतरी दिवसांनी रडले, चालत चालतच. त्याने फोन लावला. "मॅडम, मी तुम्हाला सगळं उलटं सांगितलं," तो म्हणाला. आणि फोन माझ्याकडे दिला. "तूच सांग."

मी सांगितलं. पलंग ते कपाट, सगळं. तिने मधे अडवलं नाही. मग सरळ प्रश्न विचारले. बसलं की वाढतं का, चाललं की थोडं कमी होतं का, गोळीच्या आधी असं कधी झालं होतं का. जीव द्यावासा वाटतो का, हेही विचारलं, भाजी कशी दिली विचारावं इतक्या सरळ. मी हो म्हणाले.

"हे तुमचं मन नाही," ती म्हणाली. "हे औषधामुळे होतंय. काही जणांना होतं आणि ते थांबवता येतं. आत्ता निघा, मी क्लिनिकमध्ये येते. येईपर्यंत एक क्षणही एकट्या राहू नका."

हे तुमचं मन नाही. ते वाक्य मी स्वतःशी तीन-चार वेळा म्हटलं. मला तिचा राग आला, नवऱ्याचा आला, त्या गोळीचा आला, आणि रागाबरोबर फार हलकं वाटलं. तरी पाय चालतच होते, मेले.

बाहेर आलो तर हॉल तसाच. भटजी पोथीत बोट घालून बसलेले, शिऱ्याचं पातेलं झाकलेलं. नवऱ्याने सोवळ्यावरच शर्ट चढवला होता. आम्ही चपला घालताना सोफ्यावरून कोणीतरी हळूच म्हणालं, अहो, प्रसाद न घेता पूजेतून जाऊ नये, ते बरं नसतं. सगळ्यांनी सासूबाईंकडे बघितलं. नवस त्यांचा होता. कथेत प्रसाद सोडून जाणाऱ्यांचं काय होतं ते त्यांना पाठ आहे, दर पुनवेला त्या ऐकतात. मला वाटलं आता त्या मला बसवतात.

"प्रसाद खंय पळान जाता?" त्या मुलाला म्हणाल्या. "तू लिफ्ट बोलव." मग मोठ्या मुलाकडे आणि सुनेकडे वळल्या. "तुमी दोघा बसा पाटार."

घाटकोपरपर्यंत रिक्षात नवऱ्याने माझा हात सोडला नाही. वाटेत एकदा उतरावंसं वाटलं तेव्हा ड्रायव्हरला थांबायला सांगून तोही माझ्याबरोबर उतरला आणि फुटपाथवर चालला, सोवळ्यात. लोक बघत होते. बघू देत.

डॉक्टरीणबाईने मला बस म्हटलं नाही. उभ्यानेच तपासलं, पाय बघितले, आणि नवऱ्याला एक अक्षर विचारलं नाही. ती गोळी कशी कमी करायची ते समजावलं, अचानक बंद करायची नाही असं दोनदा बजावलं, आणि ही तगमग उतरायला वेगळं औषध दिलं. पहिल्या भेटीत मी हे नीट समजावून सांगायला हवं होतं, असंही म्हणाली. तिचा राग मला त्या दिवशीही होता, पण हे ऐकून तो थोडा निवळला.

तगमग एकदम गेली नाही. थोडी उतरली, परत चढली, मग उतरत गेली. तोवर नवऱ्याने सुट्टी घेतली होती आणि मी जिथे जाईन तिथे तो. गॅलरीच्या दाराला त्याने कुलूप लावलं, यावेळी का ते दोघांनाही माहीत होतं. आणि एका दुपारी मी पलंगावर आडवी पडले आणि पाय गप्प होते. मी वाट बघत राहिले. ते गप्पच होते.

त्याच्यामागून ते जुनं सगळं परत आलं. भिंतीकडे तोंड, अंघोळ नको, फोन नको. डॉक्टरीणबाईने जुन्या गोळीच्या जागी दुसरी सुरू केली होती, ती लागू व्हायला वेळ होता. सासूबाई पेज घेऊन आल्या. नेहमीप्रमाणे ठेवून गेल्या नाहीत, पलंगाच्या कडेला उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता नवसाचं काढणार. देवाला सांगितलेलं सगळं मी फुकट घालवलं होतं.

"काय गो," त्या म्हणाल्या, "बरा वाटता?"

दारात नवरा उभा होता. त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं.

"नाही, आई," मी म्हणाले. "नाही वाटत."

त्यांनी वाटी खाली ठेवली, कोपऱ्यातली खुर्ची ओढली.

"नाय तर नाय," त्या म्हणाल्या. "मी हयच बसतंय." आणि बसल्या.